विजयदुर्गचं हेलियम आणि नसलेलं कोरोनियम : मग विज्ञानात 'बरोबर' म्हणजे नक्की काय?

घाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता), रवि. रात्री १०:४०

मंडळी, मागच्या आठवड्यात विजयदुर्गला जाऊन आलो. किल्ला, खाडी, मासे सगळं झकास झालं, पण धागा त्यासाठी नाही. किल्ल्यात ते 'साहेबाचे ओटे' आहेत ना, तिथे आमच्या गाइडने छाती फुगवून सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबाने ह्याच ओट्यांवर दुर्बीण मांडली आणि हेलियमचा शोध लावला. बरोबरचे लोक सेल्फी काढून मोकळे झाले, माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला की ऑगस्टात कोकणात ह्या माणसाला सूर्य दिसला कसा?

घरी येऊन वाचत बसलो. ग्रहण खरं आहे, खग्रासपट्टा कोकणातून आत शिरून विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणमकडे गेला. पण नॉर्मन लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ त्या दिवशी इंग्लंडात! गुंटूरला होता तो जॅन्सेन नावाचा फ्रेंच. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडला की दिसणारा पट्टा; त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या आपापल्या रेषा असतात) रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की त्याला वाटलं ग्रहण नसतानाही ह्या दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच त्या पाहिल्या. लॉकियरने स्वतंत्रपणे हेच २० ऑक्टोबरला लंडनमधून केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदकसुद्धा काढलं. त्या रेषांत एक पिवळी रेष होती जी सोडियमच्या डी१, डी२ शी जुळेना, म्हणून ती डी३. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची ती वाटेना म्हणून लॉकियर म्हणाला हे नवीन मूलद्रव्य, सूर्यावरचं, हेलियम.

मग ओटे कसले? तर लॉकियर विजयदुर्गला आला होता, हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. (त्याच ग्रहणाला आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नेगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते.) ओटे तेव्हाचेच असणार असा माझा अंदाज.

आता खरी गंमत. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती. १८९८ ला लोकांचं एक मोठं लक्ष्य होतं प्रभामंडळातली म्हणजे करोनातली हिरवी रेष. ती १८६९ च्या ग्रहणात पहिल्यांदा दिसली, आधी लोखंडाच्या एका रेषेवर बसते असं वाटलं, पण १८९८ च्या फोटोंवरून कळलं की तिची जागा वेगळीच आहे, ५३०.३ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही. म्हणजे नवीन मूलद्रव्य. त्याचं नाव कोरोनियम. आणि कोरोनियम नावाचं काही नाहीच्चे!! १९४० च्या आसपास ग्रोट्रियन आणि एडलेन ह्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते आपलं लोखंडच आहे, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं.

तर प्रश्न असा. 'रेष ओळखीची नाही, म्हणून नवीन मूलद्रव्य' हा तर्क दोन्हीकडे डिट्टो एकच. एकाला शोध म्हणतो, दुसऱ्याला चूक. मग लॉकियर हुशार होता की नशीबवान? विज्ञान विवेकाने चालतं असं आपण उठसूट म्हणतो ते नेमकं कशाबद्दल म्हणतो?

---

मी_देवगडचो, रवि. रात्री ११:०२

ओ पाव्हण्यानू, आमच्या किल्ल्याक नावा ठेवूक इलास की काय? दरवर्षी १८ ऑगस्टला आम्ही हेलियम दिवस करतो तिथे, आता तुम्ही म्हणताय साहेब आलाच नव्हता. आमच्या शाळेत पण हेच शिकवलं. असो, वाचतोय. पण ऑगस्टातल्या पावसाचा मुद्दा लहानपणापासून माझ्याही डोक्यात होता, मास्तरांना विचारायची हिंमत झाली नाही एवढंच.

---

पॉपरपंखा, रवि. रात्री ११:३०

मस्त धागा. उत्तर सोपं आहे हो. कार्ल पॉपर ह्या तत्त्वज्ञाने १९३४ सालीच सांगून ठेवलंय, तर्क कुठून आला ह्याला महत्त्व नाही, स्वप्नात आला तरी चालेल. महत्त्व ह्याला की तो खोटा पडू शकेल अशी जागा तुम्ही ठेवलीय का. हेलियमने ठेवली आणि परीक्षेत पास झालं, कोरोनियमने ठेवली आणि नापास झालं. दोन्ही विज्ञानच. नापास झालेला विद्यार्थी शाळेतलाच असतो की.

हेलियमची परीक्षा तर फारच सुंदर झाली. १८९५ ला रॅमसे ह्या रसायनशास्त्रज्ञाने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, क्रुक्सने रेष मोजली, डी३ शी जुळली. सगळे नाचायला लागले. तेवढ्यात जर्मनीत रुंगे आणि पाशेन म्हणाले थांबा, ह्या वायूची पिवळी रेष नीट पाहिली तर जोडरेष आहे, एक ठळक आणि तिला चिकटून एक पुसट. सूर्यातली तर एकेरी म्हणून नोंदलेली. सूर्यातली पण दुहेरी निघाली तरच हे हेलियम, नाहीतर नाही. मग लोकांनी परत सूर्याकडे दुर्बिणी वळवल्या आणि निघाली की दुहेरी! ह्याला म्हणतात मान पुढे करून उभं राहणं.

---

लॅबवाली_ताई, सोम. सकाळी ७:१५

पॉपरपंखा, जोडरेषेचा किस्सा माझा पण आवडता आहे, पण तो १८९५ चा. धागाकर्त्याचा प्रश्न १८६८ चा आहे. 'कुठेतरी एक नवीन मूलद्रव्य आहे' हे वाक्य खोटं पाडणार कसं सांगा? पृथ्वीवर नाही सापडलं तर म्हणता येतं सूर्यावर असेल. सत्तावीस वर्षं नाही सापडलं म्हणून लॉकियरने काही माघार घेतली नाही. 'आहे' म्हणणारं वाक्य सापडून खरं ठरतं, न सापडून खोटं ठरत नाही. पॉपरच्या फूटपट्टीने १८७० चं हेलियम विज्ञानात बसवायला जरा ओढाताणच करावी लागते.

मी वर्णपटाची प्रॅक्टिकल्स घेते म्हणून मला दुसरंच दिसतं. लॉकियर हवेत बोलत नव्हता. १८६० ला बुन्सेन-किरचॉफने अनोळखी रेषांवरूनच सीझियम शोधलं, पुढच्या वर्षी रुबिडियम, त्याच वर्षी क्रुक्सने थॅलियम, १८६३ ला इंडियम. चार वेळा 'अनोळखी रेष म्हणजे नवीन मूलद्रव्य' हे चाललं आणि चारही वेळा ते मूलद्रव्य हातात आलं. पाचव्यांदा तोच डाव खेळणाऱ्याला नशीबवान का म्हणायचं? शिवाय लॉकियरने आणि फ्रँकलंड ह्या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत हायड्रोजनचा दाब-तापमान बदलून ती रेष येते का हे पाहिलं होतं, आली नाही. गंमत म्हणजे फ्रँकलंड स्वतः साशंकच होता, त्याला वाटायचं निघेल हायड्रोजनचीच. एकाच टेबलावर, एकाच पुराव्यासमोर दोन शहाणी माणसं, दोन मतं. दोघांपैकी अविवेकी कोण? कुणीच नाही.

आणि देवगडकर, तुमच्या मुलखाजवळचीच एक गोष्ट. त्या १८६८ च्या ग्रहणाला रॉयल सोसायटीने पाठवलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल (त्या मोठ्या विल्यम हर्शेलचा पणतू... चुकले, पणतू नाही, विल्यमचा मुलगा तो थोरला जॉन, त्याचा हा मुलगा, म्हणजे नातूच 😀) पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात बसला होता. ढगांच्या फटीतून त्याला तीन रेषा दिसल्या, लाल, नारिंगी, निळी. नारिंगी त्याने सोडियमची समजून घेतली. हेलियम समोर होतं, पण पिवळं-नारिंगी म्हटलं की सोडियम ही सवय आड आली.

---

पोहे_आणि_चर्चा, सोम. सकाळी ९:०५

जागा धरून बसलोय. नातवापर्यंत पोचायला ताईंनी घेतलेला वळसा आवडला.

---

निवृत्त_कारकून, सोम. दुपारी १:२०

आम्ही शास्त्रातले नाही पण एक साधी शंका मांडतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं पंचांग आहे. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार ते त्यात छापलेलं असतं आणि तसं ते लागतं सुटतं. जुन्या गणिताला पृथ्वी मध्ये आणि सूर्य फिरतोय असं धरूनही ग्रहण सांगता येत होतं. चुका साचत गेल्या तेव्हा केरुनाना छत्र्यांनी नव्या वेधांवरून गणित दुरुस्त केलं, त्यावरून भांडणंही झाली, पण भांडण 'खरं काय' ह्यावर कमी आणि 'तिथी आकाशाशी जुळते का' ह्यावर जास्त होतं. मग मला सांगा, विज्ञानाचं काम आकाशाशी जुळवून देणं एवढंच असेल तर कोरोनियम म्हणा, लोखंड म्हणा, फरक काय पडतो? रेष ५३०.३ ला दिसते, पुढच्या ग्रहणालाही दिसेल. नाव काही द्या. खरं-खोटं हा शब्द आम्ही कोर्टासाठी ठेवावा असं माझं मत.

---

घाटावरचा_पाहुणा, सोम. दुपारी १:५८

काका, हा मुद्दा मी मांडायला हवा होता, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. व्हान फ्रासेन म्हणून एक तत्त्वज्ञ आहेत ते जवळपास हेच म्हणतात, जे दिसतं त्याच्याशी सिद्धांत जुळला की विज्ञानाचं काम झालं, न दिसणाऱ्या गोष्टी खरोखर 'आहेत' असं मानायची सक्ती नाही.

---

तिरकस_तात्या, सोम. दुपारी ३:१२

हेच तर आम्ही ज्योतिषाबद्दल सांगतो तेव्हा अंगावर येता. आमचंही जुळतं. शास्त्रज्ञ चुकला की 'विवेकी चूक', ज्योतिषी चुकला की 'थोतांड'. वा रे न्याय.

---

पॉपरपंखा, सोम. दुपारी ३:४०

तात्या, जुळतं का ते मोजून झालंय. नारळीकर, कुंटे, दाभोलकर, घाटपांडे ह्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली, २००९ ला छापून आली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका, भाग घेणाऱ्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४०, कुठली कुणाची ते सांगा. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. चूक होणं हा फरक नाहीच, तात्या. कोरोनियमवाले चुकलेच की. ४६ टक्के आल्यावर नंतर पद्धतीत काय बदललं, एवढंच विचारतो.

---

तिरकस_तात्या, सोम. दुपारी ३:४९

तुमचा धागा तुम्हाला लखलाभ.

---

लॅबवाली_ताई, सोम. रात्री ९:३०

काकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंय, दिवसभर डोक्यात घोळत होतं. फरक काय पडतो? काका, फार पडतो, आणि तो नुसता नावाचा नाही.

आधी नेब्युलियमची गोष्ट ऐका म्हणजे कोरोनियमचं नीट कळेल. १८६४ ला हगिन्सने एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, त्यात हिरव्या रेषा, ओळखीच्या नाहीत. त्याचंही नवीन मूलद्रव्य झालं, नेब्युलियम. मग १९१३ ला मोझलेने क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांना क्रमांक दिले, एक, दोन, तीन असे पूर्ण आकडे. आता हलक्या मूलद्रव्यांत रिकामी खुर्चीच उरली नाही, साडेतीन नंबरचं मूलद्रव्य असू शकत नाही. इथे बघा काय झालं. आकाशातल्या रेषेत काडीचा फरक पडलेला नाही, नेब्युलियमविरुद्ध एकही नवं निरीक्षण नाही, तरी १८६४ ला जे मानणं शहाणपणाचं होतं ते १९२० ला राहिलं नाही. म्हणून 'अमुक विश्वास विवेकी आहे का' असं तारीख न सांगता विचारताच येत नाही. आणि सकाळी मी म्हटलं ना की 'आहे' हे वाक्य खोटं पाडता येत नाही, ते मोझलेनंतर येऊ लागलं! खोटं पाडायची जागासुद्धा सिद्धांतच तयार करून देतो, ती आधीपासून पडून नसते.

मग १९२७ ला बोवेनने दाखवलं की त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. प्रयोगशाळेत त्या दिसत नाहीत कारण आपल्या सगळ्यात चांगल्या निर्वातातसुद्धा इतकी गर्दी असते की अणूला तो प्रकाश सोडायच्या आतच दुसरा येऊन धडकतो. तेजोमेघात निवांत जागा असते. म्हणजे 'नेब्युलियम'च्या जागी 'ऑक्सिजन' लिहिल्यावर तेजोमेघ किती विरळ आहे ते फुकटात कळलं. तसंच कोरोनियमच्या जागी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड लिहिलं आणि कळलं की सूर्याचा प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या वर तापलेला आहे, खालचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश असताना! एवढं का तापतं ह्यावर आजही लोक भांडतायत, यानं पाठवतायत. रेष जुळली की काम झालं असं म्हणून थांबलो असतो तर हा प्रश्न पडलाच नसता. 'कोरोनियम' हे नाव रेषेशी जुळत होतंच की, शंभर टक्के जुळत होतं, आणि त्यातून पुढे काहीही निघत नव्हतं.

म्हणून माझं मत, आकाशाशी जुळणं हवंच, पण तेवढ्यावर कुणी संशोधक समाधानी राहत नाही, त्याला 'का' हवं असतं.

---

निवृत्त_कारकून, सोम. रात्री १०:१५

ताई, पटलं, पण पूर्ण नाही. तुम्ही दाखवलंत की लोखंडाची गोष्ट कोरोनियमच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगाची आहे. जास्त उपयोगाची म्हणजे खरी, हे कशावरून? उद्या लोखंडाच्या जागी आणखी काही येईल. तुम्ही आज जितक्या खात्रीने लोखंड म्हणताय तितक्याच खात्रीने ते लोक कोरोनियम म्हणत होते. आवर्तसारणी मांडणारा मेंडेलीव्ह, त्याने सुद्धा म्हणे कोरोनियम आपल्या तक्त्यात बसवलं होतं? आमच्या नातवाने वाचून दाखवलं.

---

घाटावरचा_पाहुणा, सोम. रात्री १०:४४

हो काका, बसवलं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हायड्रोजनपेक्षा हलकं म्हणून. आणि त्याच मेंडेलीव्हने १८९५ ला आरगॉन नवीन मूलद्रव्य आहे हे मानायला खळखळ केली, तीन अणूंचा नायट्रोजन असेल म्हणाला. म्हणजे खऱ्याला नकार आणि नसलेल्याला खुर्ची! आणि हेलियमचा वायू रॅमसेच्या आधी अमेरिकेत हिलेब्रँडच्या हातात आला होता, त्याने तो नायट्रोजन समजून सोडून दिला. ह्या लोकांना मी काय म्हणू, गाढव? मला तर वाटायला लागलंय की विवेक एकेका माणसाच्या डोक्यात नसतोच, तो ह्या सगळ्या भांडकुदळांच्या मध्ये कुठेतरी असतो, हिलेब्रँडने सोडलेलं रॅमसे उचलतो, रॅमसेने नाचायला घेतलं की रुंगे टोकतो.

---

पॉपरपंखा, सोम. रात्री ११:२०

सावकाश. भांडकुदळ तर आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही असतात, तिथे काही सापडल्याचं ऐकिवात नाही. नुसत्या भांडणाने होत नाही, भांडण कुठल्या गोष्टीवर मिटेल हे आधी ठरलेलं लागतं. रुंगेने ठरवून दिलं होतं, दुहेरी निघाली तर हो, एकेरी निघाली तर नाही, आणि दोन्ही बाजूंनी ते मान्य केलं.

काकांच्या मुद्द्यावर : उद्या लोखंडही जाईल असं म्हणता, पण हेलियम गेलं नाही ना. ते १८९५ ला बाटलीत आलं आणि आजही फुगे भरतोय आपण. काही गोष्टी जातात, काही राहतात. कुठल्या राहतात? ज्या दुसऱ्याच रस्त्याने येऊन पुन्हा तिथेच भेटतात. हेलियम सूर्यातून आलं, खनिजातून आलं, पुढे रदरफर्डचे अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे) पण हेलियमच निघाले. कोरोनियम एका रेषेच्या पलीकडे कधी कुठे भेटलंच नाही.

---

निवृत्त_कारकून, मंगळ. सकाळी ६:५०

'दुसऱ्या रस्त्याने येऊन तिथेच भेटणं' हे आवडलं. ऑफिसात आम्ही दोन रजिस्टरं ठेवायचो, आवक आणि जावक, वेगवेगळ्या माणसांकडे. जुळली की मी सही करायचो. तेव्हा मी 'खरं' म्हणायचो का 'जुळलं' म्हणायचो ते आठवत नाही. विचार करतो.

---

मी_देवगडचो, मंगळ. सकाळी ११:३०

सगळं वाचलं. म्हणजे हिशेब असा झाला की आमच्या किल्ल्यावर हेलियम सापडलं नाही, पण नसलेल्या मूलद्रव्याची रेष मात्र पकडली. मग १८ ऑगस्ट तसाच ठेवू, कार्यक्रमाला पोरं येतात, मजा असते, फक्त भाषणात १८९८ सांगायला सांगतो. आणि २२ जानेवारीला कोरोनियम दिवस पण करू. तेव्हा पाऊस पण नसतो, सूर्य दिसण्याची ग्यारंटी. पाव्हण्यानू, त्या दिवशी येवा, गाइड मी.

---

लॅबवाली_ताई, शुक्र. संध्या. ६:०५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं झालंय. जमखंडीच्या हर्शेलवरून सुचलं म्हणून आज प्रॅक्टिकलला एक आगाऊपणा केला. सोडियमच्या दिव्याशेजारी हेलियमची नळी लावली, पोरांना काही सांगितलं नाही, 'ह्या नळीच्या पिवळ्या रेषेची तरंगलांबी काढा' एवढंच. ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी जाळी) चांगलं आहे आमच्याकडचं, हेलियमची ५८७.६ आणि सोडियमची ५८९ सहज वेगळी वाचता येते. अकरा जणांच्या वहीत नऊ ठिकाणी 'सोडियम, ५८९.३'. एकाचं गणितच चुकलं. आणि एका मुलीच्या वहीत आधी ५८७.४ लिहिलेलं, त्यावर काट मारून वर ५८९.३. विचारलं का गं खोडलंस, तर म्हणाली, मॅडम रीडिंग चुकलं होतं.